गार पाणी, मग मीठ

११ जून, मंगळवार
दुपारची सुट्टी

ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, दोघी भाच्यांना गालगुच्चे. तुझं पत्र फेब्रुवारीत आलं आणि मी उत्तराला जून उजाडवला, त्याबद्दल दोन्ही कान पकडते. इकडे सगळं ठीक. ही ओळ सवयीनं लिहिली गेली. खोडत नाही, पण ती खरी नाही एवढं लक्षात ठेव.

हे पत्र मी उभ्यानं लिहिते आहे. इस्त्रीवाले काका जेवायला गेलेत, त्यांच्या टेबलावर कागद पसरलाय. फोनवर का नाही सांगत, असं म्हणशील. फोनवर तू विचारतेस, "बरी आहेस ना?" मी म्हणते, "हो," आणि पुढची दहा मिनिटं आपण भाच्यांच्या परीक्षांवर काढतो. शिवाय तू मध्येच काही बोललीस तर माझा धीर जाईल. कागद मध्ये बोलत नाही.

आधी लॉन्ड्रीच्या बातम्या. मालकांनी नवं वॉशिंग मशीन आणलंय, ते फिरताना एवढं हलतं की त्याच्यावर बसून कुणालातरी जेवावं लागतं. डागांचं टेबल अजून माझ्याकडेच आहे, खिडकीपाशी, आई असताना होतं तिथंच. तिचा लाकडी ब्रशही तोच, केस झिजून निम्मे झालेत तरी मी टाकलेला नाही. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ शर्ट घेऊन आले. कॉलरवर लाल. म्हणाले, "टोमॅटोचा सॉस सांडला." मी म्हटलं, "साहेब, सॉस पाण्यानं सुटतो, हा तेलकट आहे. खरं सांगा, म्हणजे औषध बरोबर लावता येईल." ते काउंटरकडे बघत म्हणाले, "मग तेलकट समजा." काका इस्त्री उभी करून बाहेर जाऊन हसले.

असो. आता मुद्द्यावर येते. ताई, मी गेले तीन दिवस सुन्न आहे. कपड्यांच्या चिठ्ठ्या उलट्या लावते, काल मालकांना "आई" म्हणून हाक मारली. कुणी कानाखाली वाजवून निघून जावं आणि आपण गालावर हात धरून तिथंच उभं राहावं, तसं झालंय.

मला संडासाच्या जागी दुखणं झालंय. लिहिलं बघ एकदाचं. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, असं आपण लहानपणी खिदळत म्हणायचो. आपला जावई तर भूगोल शिकवतो, म्हणजे तेवढीही अडचण नव्हती. तरी मी पाच महिने कुणाला बोलले नाही.

जानेवारीत हॉटेलांच्या चादरींचा ढीग आला होता. तुला आठवतं ना, दुकानाचा संडास मागच्या अंगणात, भट्टीच्या पलीकडे, बारा माणसांत एक. सारखं कोण जाणार, म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही. आलेली घाईसुद्धा दाबून ठेवायचे. एक दिवस घरी बसले आणि आतून काच चिरत बाहेर यावी तसं झालं. कडीला धरून उभी राहिले, डोळ्यांतून पाणी. वाटलं, झालं, संपलं. पण खरी गंमत नंतर सुरू झाली. तिथं जी आग पेटली ती दोन-अडीच तास विझेना. आतलं सगळं कुणी मुठीत आवळून धरल्यासारखं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी जायचंच टाळलं, म्हणजे चौथ्या दिवशी दुप्पट.

आणि रक्त. फार नाही. पुसल्यावर लाल रेघ, कधी दोन-चार थेंब. कपड्याला लागायचं.

मग मी काय केलं असेल? तू ओळखशील, तूही याच टेबलापाशी वाढलीस. गार पाणी, मग मीठ, मग साबण. गरम पाणी चुकूनही नाही, रक्ताचा डाग पक्का होतो. कपडे तर मी धुतलेच, पण ताई, हसू नकोस, त्या जागेवरही मी गारच पाणी मारत होते. पाच महिने. फ्रीजमधल्या बाटलीतलं. रक्त म्हटलं की गार, दुसरं काही डोक्यात येतच नाही आपल्या. एका रविवारी तर चिमूटभर मीठ टाकून पाहिलं. त्या दिवशी मी अशी ओरडले की शेजारच्यांनीही ऐकलं असेल.

आणि खाणं कमी केलं. कमी खाल्लं की कमी जावं लागेल, हा माझा हिशेब. चहा आणि दोन बिस्किटं, त्यावर संध्याकाळ. उभ्यानं जेवायचे. दादानं एकदा विचारलं, "ही काय नवीन पद्धत?" मी म्हटलं, "पचन चांगलं होतं." त्यानं दोन दिवस स्वतः उभ्यानं जेवून पाहिलं. आपला दादा, काय सांगू.

मला काय झालंय ते मला माहीत आहे, असं मी धरूनच चालले होते. आईला झालं तेच. तुला सांगायला लाज वाटते, पण मी कानातल्यांची वाटणी करून ठेवली होती. मोठीला लोंबती, धाकटीला खडे.

शेवटी गेल्या शनिवारी घरातल्याच एका बाईनं माझं मनगट धरलं आणि डॉक्टरकडे नेलं. काका परत आले. उद्या लिहिते.


१३ जून, गुरुवार

काल जमलं नाही. आज पुन्हा त्याच टेबलावर.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती. पाच खुर्च्यांवर माणसं आणि मी भिंतीला टेकून. एक आजोबा तीनदा म्हणाले, "बसा ना, बसा." शेवटी डुगडुगत्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिला घाबरू नका, ती अशीच आहे." सगळे हसले. मला रडू आलं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. मी सुरुवात केली, "पोटात जरा..." त्या म्हणाल्या, "पोटात की खाली?" ताई, एवढ्या सरळ आवाजात त्यांनी "खाली" म्हटलं, जणू माळ्यावरचं सामान खाली की वर विचारतायत. मी म्हटलं, "खाली." मग त्यांनी एकेक विचारलं. जाताना दुखतं की नंतर? किती वेळ? रक्त कसलं, लालभडक की काळपट? वेगळं पडतं की मळात मिसळलेलं? भूक, वजन, ताप? पाणी किती पिता? दाबून ठेवता का? मी उत्तरं देत होते आणि मला घाम फुटत होता, कारण प्रत्येक प्रश्न माझ्या पाच महिन्यांतला एकेक दिवस होता आणि त्यांना तो आधीच माहीत होता.

पडद्यामागं कुशीवर झोपवून, पाय पोटाशी घ्यायला सांगून त्यांनी नुसतं पाहिलं. आत बोट घालणार, नळी घालणार, असं सगळं मी मनात रंगवलं होतं. त्या म्हणाल्या, "आज आत काही घालणार नाही, तुम्हाला सोसणार नाही. आणि गरजही नाही, दिसतंय. फिशर आहे."

"म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

"सहा ते आठ आठवडे."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी म्हटलं, "एवढेच राहिलेत?" त्या अशा हसल्या की बाहेरचे आजोबा खोकले. "अहो बाई, बरं व्हायला सहा ते आठ आठवडे! मरताय कुठं?"

मी तिथंच, तशीच, पाय पोटाशी घेऊन, हमसून हमसून रडले.

मग कपडे नीट करून बाहेर आल्यावर त्यांनी कागदाच्या मागं चित्र काढून दाखवलं. फिशर म्हणजे भेग. थंडीत ओठ फुटतो आणि हसलं की पुन्हा चिरतो, तशी गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. कडक मळानं पडते. ती दुखली की तिथला गोल स्नायू घट्ट आवळून घेतो, आवळला की रक्त पोचत नाही, रक्त पोचलं नाही की चीर भरत नाही, आणि आपण भीतीनं जायचं टाळतो तसा मळ आणखी कडक होतो. "तुम्ही कमी खाऊन आणि पाणी तोडून रोज नवी चीर पाडत होता," त्या म्हणाल्या. "बाहेर एक छोटा कोंबही आलाय कातडीचा, म्हणजे जुनी आहे. लवकर आला असतात तर दोन-तीन आठवड्यांत मोकळ्या झाला असतात."

उपाय विचारशील, तर ऐक, आणि नीट ऐक. पाणी पोटभर. फळं, पालेभाजी, कोंड्यासकटचं पीठ. झोपताना एक पावडर पाण्यातून, मळ मऊ राहतो. आलेली घाई दाबायची नाही, कुंथायचं नाही, आत बसून विचार करायचा नाही. एक मलम, हरभऱ्याएवढं, दिवसातून दोनदा, त्यानं तो आवळलेला स्नायू सैल पडतो. मलमानं डोकं दुखलं तर कळवायचं. एवढं करून दोन महिन्यांत भरली नाही, तर स्नायू सैल करायचं एक इंजेक्शन असतं. त्यानंही नाही, तर छोटं ऑपरेशन, स्नायूचा जरासा भाग कापतात, पण बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

आणि सगळ्यांत मुख्य काय, ठाऊक आहे? टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसायचं. जाऊन आल्यावर दहा-पंधरा मिनिटं, आणि दिवसातून आणखी दोनदा.

"कोमट?" मी विचारलं. "रक्त येतंय तरी?"

"मग कसलं?"

"गार."

"गारानं बिचारा तो स्नायू आणखी दचकतो. कुणी सांगितलं तुम्हाला गार?"

मी काय सांगणार! म्हटलं, "आमचा धंदाच डागांचा आहे."

पहिल्यांदा कोमट पाण्यात बसले ना ताई, पाच महिन्यांत पहिल्यांदा ती मूठ सुटली. मी न्हाणीघरात बसून वेड्यासारखी हसत होते. इतकं सोपं होतं. दहा मिनिटांचं बोलणं आणि एक टब. त्यासाठी मी कानातली वाटून बसले होते.

पत्र इथंच संपवून पाकीट चिकटवावं असं फार वाटतंय. तू हसली असतीस, दोन दिवस सगळ्यांना सांगितलं असतंस, झालं. पण त्या खोलीत आणखी एक प्रश्न विचारला गेला. तो लिहायला माझा आज हात उचलत नाही.


१६ जून, रविवार
घरी

दादा बाहेर गेलाय. वहिनी पुढच्या खोलीत आहे. पत्र तुला लिहितेय हे तिला माहीत आहे.

हो, वहिनी. "घरातल्याच एका बाईनं" असं मी वर लिहिलं ते तुझ्या भीतीनं. नऊ वर्षं तू तिचं नाव काढलेलं सहन करत नाहीस, म्हणून मीही ते गाळायला शिकले. मला डॉक्टरकडे नेणारी बाई म्हणजे वहिनीच. मी बसले नाही म्हणून शेवटी त्या डुगडुगत्या खुर्चीवर तीच तासभर बसली होती.

तिला कळलं कसं, तेही सांगते. त्या शनिवारी सकाळी ती दोरीवरचे कपडे काढत होती. माझे कपडे हातात घेऊन म्हणाली, "हे एवढे पांढरे का?" मी म्हटलं, "चांगलं नाही का?" तर म्हणाली, "बाकीचे तुझे कपडे पिवळट आहेत. एवढेच दुधासारखे." मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बरणी उघडून पाहिली, झाकण लावलं, बाहेर येऊन माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चल. मी हे एकदा पाहिलंय. पुन्हा पाहायचं नाहीये मला." तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता.

आता डॉक्टरांचा प्रश्न. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा त्रास? गाठ, कर्करोग?" मी म्हटलं, आई. बावन्नाव्या वर्षी कळलं, तीन महिन्यांत गेली. त्यांनी पेन थांबवलं. "त्याआधी रक्त जात नव्हतं त्यांना?"

वहिनी माझ्या शेजारी उभी होती. मी म्हटलं, "माहीत नाही."

ताई, मला माहीत होतं.

एक नाही, दोन नाही, अकरा महिने माहीत होतं. तुला तेव्हा धाकटीच्या वेळचे नुकतेच दिवस राहिले होते. त्याआधीचं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून सगळे जीव मुठीत धरून होते. आईनं मला न्हाणीघरात बोलावून कपडा दाखवला आणि म्हणाली, "मूळव्याध आहे, बायकांना होतेच. ताईला कळता कामा नये. दादाला सांगितलंस तर तो तिला सांगेल, म्हणून कुणालाच नाही. एकदा बाळ सुखरूप होऊ दे." मी बावीस वर्षांची होते आणि आईनं मला गुपित सांगितलं याचाच मला अभिमान वाटला. गार पाणी, मग मीठ. रोज पहाटे, सगळे उठायच्या आधी, मी आणि ती. मार्चमध्ये बाळ झालं. मी म्हटलं, आता सांगूया. ती म्हणाली, "बाळंतिणीला घोर लावू नकोस."

आणि हे सगळ्यांत वाईट. मला रंग कळत होता. माझ्या ह्या भेगेचं रक्त लालभडक, वरचं, ताजं. आईचं तसं नव्हतं. काळपट, मातकट, मळात मिसळलेलं. कुठला डाग ताजा नि कुठला आतून मुरलेला, हे मी झोपेतही सांगते, ताई, माझं कामच ते आहे. मी बघत होते आणि धूत होते. इतकं स्वच्छ धूत होते की घरात कुणाला वासही लागला नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी एखादा डाग राहिला असता आणि कुणीतरी विचारलं असतं, हे काय आहे.

आई गेली त्या दिवशी तू सगळ्यांसमोर वहिनीला विचारलंस, "एका छपराखाली राहून तुला दिसलं नाही? घरातले कपडे कोण धूत होतं?" वहिनी खाली बघत राहिली. मी मोरीपाशी कपबश्या विसळत होते. मला ऐकू आलं. मी नळ मोठा केला.

नऊ वर्षं मी तो नळ मोठा ठेवला. तू घरी येणं सोडलंस. वहिनीच्या बाळंतपणात आली नाहीस. तिनं पाठवलेलं धाकटीचं स्वेटर परत आलं, ते मीच दारात घेतलं आणि कपाटात दडवलं, तिला सांगितलं की पोचलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ मी झाकली आणि किंमत तिनं दिली.

त्या शनिवारी औषधाच्या दुकानाबाहेर बाकावर ती बसली होती, मी अर्थात उभी. माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "वहिनी, मी आत खोटं बोलले. आईचं मला माहीत होतं."

ती औषधाच्या पिशवीची गाठ मारत होती. म्हणाली, "ठाऊक आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "केव्हापासून?"

"आई दवाखान्यात होत्या तेव्हापासून. मोरीच्या मागं मिठाची रिकामी पाकिटं सापडली, बारा-पंधरा. एवढं मीठ आपल्याकडे खातं कोण? मग तुला पाहिलं, तू रिकाम्या बादलीत ब्रश घासत बसली होतीस. सवयीनं. तेव्हा कळलं."

"मग ताईनं विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू पोरगी होतीस. आई गेलेली. त्यात ताईंनी तुला टाकलं असतं, तर तुला कोण होतं? मला माझं माहेर होतं, तुझा दादा होता. मला राग सोसवला." मग म्हणाली, "पण तू कधीतरी स्वतःहून सांगशील असं वाटायचं मला. पहिली दोन वर्षं तर रोज वाटायचं."

ताई, फिशरचं कळलं तेव्हा मी रडले होते. हे ऐकल्यावर मला रडूही आलं नाही. मी त्या बाकाची पाठ धरून उभी राहिले आणि रस्त्यावरून जाणारी माणसं बघत राहिले. नऊ वर्षं ती माझ्या ताटात वाढत होती, माझ्या अंगावर पांघरूण घालत होती, आणि तिला माहीत होतं. मला माझीच शिसारी आली. माफी मागितली तर म्हणाली, "माझी नंतर माग. आधी आत जा आणि डॉक्टरांना खरं सांग. औषध बरोबर लावायला हवं." माझंच वाक्य. मीच घरी येऊन तो शर्टवाल्याचा किस्सा तिला सांगितला होता.

मी परत आत गेले. डॉक्टरांना सगळं सांगितलं, रंगासकट. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भेग म्हणजे कर्करोग नव्हे, आणि भेगेतून तो होतही नाही. पण आईचं असं असताना माझी भेग भरली की आतून दुर्बिणीनं एकदा बघून घ्यायचं. ऑगस्टची तारीख दिली आहे. मग विचारलं, "भावंडं किती?" मी सांगितलं. "मोठी बहीण किती वर्षांची?" म्हटलं, बेचाळीस. त्या म्हणाल्या, "आईला झालेलं असलं की मुलांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा आईला कळलं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा, तपासून घ्यायचं असतं. त्रास असो-नसो. बहिणीला काही त्रास आहे का?"

आणि तेव्हा, ताई, मला आपलं मार्चमधलं बोलणं आठवलं.

धाकटीच्या वाढदिवसाला फोन केला होता, आठवतंय? तू हसत म्हणालीस, "मला पण आईची मूळव्याध लागलीये गं, अधूनमधून कपडे खराब होतात. हे डाग जाता जात नाहीत." मी स्वतः तेव्हा उभ्यानं फोनवर बोलत होते, माझं स्वतःचं रक्त जात होतं. आणि मी तुला काय म्हणाले? डॉक्टरकडे जा म्हणाले? किती दिवस झाले विचारलं? रंग विचारला?

मी म्हणाले, "गरम पाणी लावू नकोस, पक्का होईल. गार पाणी, मग मीठ."

त्या खोलीत हे वाक्य मला पुन्हा ऐकू आलं आणि मी खुर्चीवर बसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा बसले. दुखलं की नाही, आठवत नाही.

हे सगळं पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. बाकी हसण्यासारखं होतं ते मी आधी लिहिलं, कारण मी भित्री आहे. तुझं कदाचित माझ्यासारखंच असेल, एक भेग, एक टब, दोन महिने. कदाचित खरंच मूळव्याध असेल. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक वेळा असलंच काहीतरी निघतं. पण मूळव्याध आहे हे आईनंही स्वतःच ठरवलं होतं. तू ठरवू नकोस. ह्याच आठवड्यात जा. डॉक्टरांना आईचं सांग, वय सांग, अकरा महिने सांग. माझं नाव घेऊन सांग. आणि तोवर कपड्यावर दिसलं तर धुऊ नकोस. आधी नीट बघ, रंग लक्षात ठेव.

एकटी जायला भीती वाटली तर वहिनी येते म्हणाली. तिनं कामावर गुरुवारची रजा मागून ठेवली आहे. मी म्हटलं, ताई दार उघडणार नाही. ती म्हणाली, "न उघडू दे. मी बाहेर बसेन. खुर्ची डुगडुगती असली तरी चालेल."

माझ्याशी बोलू नकोस. दहा वर्षं बोलू नकोस, मला ते मिळायलाच हवं. दादाला सांग, भावोजींना सांग, त्या दिवशी जमलेल्या सगळ्यांना पत्रं पाठव. मी नाकारणार नाही. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम माझ्या अक्षरात आहे, वहिनीचं अक्षर पाहून तू ते उघडलंच नसतंस. ते स्वेटर ह्याच पाकिटात घातलंय. धाकटीला आता होणार नाही. तरी ठेव.

इथवर वाचलंस ना? मग कागद खाली ठेव, ऊठ, चप्पल घाल.

तुझी लहान बहीण,
जिनं धुतलं ती,
ठिपकी